०२३३ मधून '६६२' ऐकताना

ख्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रमचा '६६२' हा नवा अल्बम २३ जुलै २०२१ ला येणार, हे मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. त्याच दिवशी कृष्णा आमच्या गल्लीत येणार हे मात्र गुरुवारच्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

ऑफिस पुण्यात आणि मी सांगलीत, असं गेलं सव्वा वर्ष चाललंय. गावभागात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात दोनच आकडे लागतात : कोयनेतून पाणी किती सोडलं आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ साली आम्ही 'बघू, बघू' म्हणत बसलो होतो आणि मग होडीतून बाहेर पडलो होतो. त्यामुळे या वेळी कुणीच वाद घातला नाही. बाबांनी आणि मी फ्रीज टेबलावर चढवला, धान्याचे डबे माळ्यावर गेले. आईने सगळ्यात आधी माळ्यावर चढवायला लावली ती माझी गिटार. मी म्हटलं, "अगं, ती आपण गाडीतून नेऊ." आई म्हणाली, "गाडीत माणसं बसतील की गिटार?" आईचं शिलाई मशीन मात्र लोखंडी स्टँडसकट खालीच राहिलं. ते उचलायला चार माणसं लागतात आणि आम्ही तिघं होतो.

रात्री आम्ही विश्रामबागला मावशीकडे पोचलो. सगळे झोपल्यावर मी कानात इअरफोन घातले आणि अल्बम लावला. पूर आलाय, घर सोडलंय, आणि हातात मिसिसिपी डेल्टामधल्या पोराचा कोरा करकरीत ब्लूज अल्बम. ब्लूज ऐकायला यापेक्षा योग्य रात्र ती कोणती?

अल्बमने माझी साफ निराशा केली.

पहिलं गाणं 'शी कॉल्स मी किंगफिश', दणदणीत आणि खुशीत. दुसरं 'सिक्स सिक्स टू', त्याहून वेगवान, स्वतःच्या गावाची फुशारकी मारणारं. तिसऱ्यात दूर राहणारी बाई. गिटार सुसाट, आवाज स्वच्छ, सगळं कसं इस्त्री केलेलं. मी तिसऱ्या गाण्यानंतर बंद केलं आणि चार्ली पॅटन लावला. १९२९ साली रेकॉर्ड झालेलं, मिसिसिपीच्या महापुरावरचं 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर'. रेकॉर्डवर इतकी खरखर आहे की शब्द निम्मे कळत नाहीत. पण त्या रात्री मला तेच हवं होतं.

नव्या अल्बमबद्दलच्या लेखाची सुरुवात मी माझ्या चुकीपासून करतोय, कारण ती माझ्या एकट्याची चूक नाही असं मला वाटतं. ब्लूज म्हणजे दुःख, असं आपण धरून चालतो. तो गाणाऱ्याने भोगलेलं असावं, निदान तसं दिसावं तरी. आणि बावीस वर्षांचा, चांगल्या स्टुडिओत बसून वाजवणारा, दात काढून हसणारा मुलगा आपल्या अपेक्षेत बसला नाही तर आपण म्हणतो, वाजवतो छान, पण ब्लूज नाही.

* * *

आधी भूगोल. मिसिसिपी डेल्टा म्हणजे नदी समुद्राला मिळते तो त्रिभुज प्रदेश नव्हे. तो तिथून बराच वर, मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागात, मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला सपाट पट्टा आहे. हजारो वर्षं पुराने आणून टाकलेल्या गाळाची ती जमीन. कापूस असा यायचा की जमीनमालकांची घरं महाल झाली. कापूस वेचणारे आधी गुलाम होते, आणि गुलामगिरी संपल्यावर वाटेकरी म्हणून कर्जात बांधले गेले. १९२७ साली नदीचे बांध फुटले तेव्हा लाखो लोक बेघर झाले आणि ग्रीनव्हिलमध्ये काळ्या मजुरांना छावण्यांत अडकवून बांधांवर सक्तीने राबवलं गेलं. तेव्हा पुराचा आणि ब्लूजचा संबंध मी काही उगाच जोडत नव्हतो. तो आहेच.

या पट्ट्यातलं क्लार्क्सडेल हे किंगफिशचं गाव, मेम्फिसच्या दक्षिणेला साधारण सव्वाशे किलोमीटर. गाव लहान, पण इतिहास दडपण आणणारा. मडी वॉटर्स गावाबाहेरच्या स्टोव्हॉल मळ्यावर राहायचा. १९४१ साली अॅलन लोमॅक्सने त्याला तिथेच रेकॉर्ड केलं. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला आणि त्याने गिटारला वीज जोडली. सॅम कुक इथे जन्मला, आयक टर्नरही इथलाच. बेसी स्मिथ १९३७ साली मोटार अपघातानंतर इथल्याच रुग्णालयात वारली. ६१ आणि ४९ नंबरचे हायवे इथे मिळतात, आणि त्या चौकात खांबावर निळ्या गिटारी लावून ठेवल्यात. रॉबर्ट जॉन्सनने मध्यरात्री आपला आत्मा सैतानाला विकून बदल्यात गिटार वाजवण्याची विद्या घेतली, तो म्हणे हाच चौक. जगभरातून लोक येतात आणि त्या खांबाखाली उभे राहून फोटो काढतात.

अशा गावात २० जानेवारी १९९९ ला हा मुलगा जन्मला. २०१९ साली 'किंगफिश' हा त्याचा पहिला अल्बम आला, त्यात बडी गाय आणि केब मो यांच्यासारखे बुजुर्ग पाहुणे होते. शिकागोच्या अॅलिगेटर रेकॉर्ड्सने काढलेला '६६२' हा दुसरा. नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड झालेला, निर्माता टॉम हॅम्ब्रिज. हॅम्ब्रिज स्वतः ड्रम वाजवतो, गाणी लिहितो, आणि बडी गायचे अलीकडचे बरेचसे अल्बम त्यानेच केलेत. इथली बहुतेक गाणी किंगफिशने त्याच्याबरोबर मिळून लिहिली आहेत.

आता ६६२ म्हणजे काय? आपल्याकडच्या एसटीडी कोडसारखा तिकडचा टेलिफोनचा विभाग-क्रमांक. पूर्वी अख्ख्या मिसिसिपी राज्याला ६०१ हा एकच क्रमांक होता. फोन वाढले, आकडे पुरेनात, तेव्हा राज्याचा उत्तर भाग वेगळा काढून त्याला ६६२ दिला. हे झालं १९९९ साली. म्हणजे किंगफिश आणि ६६२ एकाच वयाचे आहेत.

हे मला कळलं ते आम्ही परत घरी आल्यावर, चिखल काढण्याच्या दिवसांत. आणि तिथून या अल्बमकडे बघण्याची माझी नजर बदलली.

* * *

पाणी पन्नास फुटांच्या वर जाऊन हळूहळू उतरलं. घरात दोन फूट आलं होतं, २०१९ पेक्षा बरंच कमी. पुराचा चिखल ज्याने काढलाय त्यालाच त्याचा वास माहीत असतो, त्यामुळे ते वर्णन करत नाही. मी सांगतोय ते फोनचं. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईतून, बंगलोरहून, अगदी ह्यूस्टनहूनही फोन आले. सगळे आपुलकीने बोलले. पण हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. ज्यांनी दोन वर्षांत एकदाही फोन केला नव्हता त्यांना सांगली आठवली होती ती पुरामुळे. एक जण म्हणाला, "तुम्ही सांगलीची माणसं काय सोसता रे!" त्याच्या आवाजात खरीखुरी कळवळ होती, आणि मला मात्र विनाकारण राग आला. आम्ही पुराव्यतिरिक्तही काही करतो, असं त्याला सांगावंसं वाटलं. हळद विकतो, भडंग खातो, नाटकं बघतो, पोरांना क्लासला घालतो.

राग ओसरल्यावर लक्षात आलं की शुक्रवारी रात्री किंगफिशच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं होतं. क्लार्क्सडेल म्हटल्यावर मला तिथलं दुःख हवं होतं. तो सांगत होता गावाचा टेलिफोन कोड.

टेलिफोन कोड ही फार साधी गोष्ट आहे, आणि म्हणूनच मला ती आता महत्त्वाची वाटते. दंतकथेला पत्ता नसतो. सैतानाच्या चौकात पर्यटक जातात, तिथे कुणी राहत नाही. पण ६६२ मध्ये लोक राहतात. तो आकडा फिरवला की पलीकडे कुणाचीतरी आत्या फोन उचलते. त्या गाण्यातली फुशारकी मी उथळ समजलो होतो. खरं तर ती या गावाबद्दल बाहेरच्यांनी रचलेल्या गोष्टींना दिलेलं उत्तर आहे. माझ्या गावात भूत शोधायला येऊ नका, मला फोन करा, असं काहीसं.

* * *

सैतानाच्या गोष्टीवर थोडं थांबतो, कारण तिच्याखाली एक माणूस गाडला गेला आहे.

रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी वारला. १९३६ आणि १९३७ मध्ये रेकॉर्ड केलेली एकोणतीस गाणी एवढाच त्याचा ऐवज. त्याच्याहून ज्येष्ठ असलेला सन हाउस सांगायचा की हा पोरगा आधी गिटार इतकी वाईट वाजवायचा की लोक वैतागायचे. मग तो कुठेतरी निघून गेला आणि परतला तो थक्क करणारं वाजवत. या 'कुठेतरी'च्या रिकाम्या जागेत सैतान येऊन बसला. त्यातही गंमत म्हणजे आत्मा विकल्याची ही कथा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच वादकाबद्दल सांगितली जायची. आडनाव तेच, त्यामुळे ती सरकायला सोपी गेली.

प्रत्यक्षात त्या काळात रॉबर्ट आयक झिमरमन नावाच्या माणसाकडे होता. झिमरमन दक्षिण मिसिसिपीत राहायचा आणि उत्तम गिटार वाजवायचा. रॉबर्ट त्याच्या घरी राहिला, त्याच्याकडे शिकला. रात्री ते दोघं दफनभूमीत जाऊन वाजवायचे, कारण तिथे कुणाची झोपमोड होत नसे. झिमरमनच्या मुलीने ही हकिकत पुढे संशोधकांना सांगितली. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चमत्काराच्या जागी मुळात होते एक गुरुजी, त्यांच्या घरचं जेवण आणि रात्रीचा रियाज. झिमरमनचं स्वतःचं एकही रेकॉर्डिंग नाही. श्रेय सैतानाला गेलं.

आमच्या धंद्यात कोडची प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते. चांगलं काम कुणी केलं हे शोधायला ती नोंद क्वचितच कुणी उघडतं, पण उघडली तर नाव सापडतं. ब्लूजच्या इतिहासात ही सोय नाही. लिहून ठेवणारे बहुतेक बाहेरचे होते, आणि काळ्या माणसाने घासून-पुसून मिळवलेल्या कौशल्याला 'शिकला' म्हणण्यापेक्षा 'झपाटला' म्हणणं त्यांना सोपं गेलं.

किंगफिशच्या बाबतीत मात्र नोंद आहे. क्लार्क्सडेलमध्ये डेल्टा ब्लूज म्युझियम आहे, १९७९ साली सुरू झालेलं. मडी वॉटर्सच्या मळ्यावरच्या खोपटाचे अवशेष तिथे ठेवलेत. पण माझ्या लेखी त्या म्युझियमची खरी गोष्ट काचेच्या कपाटात नाही. तिथे शाळा सुटल्यावर मुलांसाठी संगीताचा वर्ग चालतो. त्या वर्गात लहान ख्रिस्टोन ड्रम शिकला, मग बास, मग गिटार. शिकवणारे दोघे : बिल पेरी, ज्यांना 'हाउल-एन-मॅड' म्हणतात, आणि रिचर्ड क्रिसमन, ज्यांना 'डॅडी रिच' म्हणतात. 'किंगफिश' हे नाव पेरींनीच ठेवलं, एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून. २०१४ साली त्या वर्गातली मुलं व्हाइट हाउसमध्ये जाऊन वाजवून आली, त्यात हा होता.

तेव्हा '६६२' हा एका क्लासला गेलेल्या मुलाचा अल्बम आहे. त्याचं बळ तिथून येतं, आणि त्याच्या मर्यादाही.

* * *

आधी बळाबद्दल. मी इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर यूट्यूब बघून गिटार शिकलो. ब्लूज मला सोपा वाटायचा. तीन कॉर्ड, बारा मात्रांचे नव्हे तर बारा मापांचे आवर्तन, आणि पाच सुरांची एक सरगम : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्या धानी रागाचे सूर तेच. मी ते महिनाभरात पाठ केले आणि वेग वाढवत गेलो. वर्षभराने मी भरपूर सूर वाजवत होतो आणि एकही ब्लूज वाजवत नव्हतो.

कारण ब्लूजमधला गंधार कोमल नसतो आणि शुद्धही नसतो. तो दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि गिटारवर तिथे पोचायला तार बोटाने आडवी ओढावी लागते. किती ओढायची हे कागदावर लिहिता येत नाही. कुणीतरी समोर बसून 'अजून थोडी, हां, आता बास' म्हणावं लागतं. मिंड ऐकत वाढलेल्या कानाला हे पटकन समजतं, हाताला समजायला वर्षं जातात. किंगफिशचं हे ओढणं अचूक आहे. तार ओढल्यावर वर टिकवून तो ती ज्या संथ, जाड कंपनाने हलवतो त्यात बी. बी. किंगपासूनची परंपरा ऐकू येते. पण नक्कल वाटत नाही, उच्चार वाटतो. जसं एखाद्याच्या बोलण्यावरून तो सांगलीचा की कोल्हापूरचा ते कळावं, तसं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. बारा मापांच्या आवर्तनाचे चार-चारचे तीन भाग असतात. प्रत्येक भागात गाणारा साधारण निम्म्या जागेत ओळ म्हणतो, उरलेली निम्मी जागा वाद्याची. म्हणजे रचनेतच संवाद आहे : एकाने बोलायचं, दुसऱ्याने हुंकार द्यायचा. 'युअर टाइम इज गॉना कम' या संथ गाण्यात हे नीट ऐका. आवाज थांबल्यावर गिटार घाई करत नाही. आपण काय ऐकलं ते जणू मनाशी बोलून बघते, मग उत्तर देते. पहिल्या तीन गाण्यांत जो मुलगा मला काय काय येतं ते दाखवत होता, तो इथे ऐकतोय. 'नॉट गॉना लाय' मध्येही तेच वजन आहे.

आणि गळा. पहिल्या अल्बमच्या वेळी तो वीस वर्षांचा होता आणि गिटारवादकाला गावं लागतं म्हणून गायल्यासारखा वाटायचा. इथे 'यू आर ऑलरेडी गॉन' आणि 'दॅट्स ऑल इट टेक्स' या दोन मऊ गाण्यांमध्ये त्याचा रुंद, उबदार आवाज गाणं स्वतःच्या खांद्यावर उचलतो. ही दोन्ही गाणी बारा मापांच्या चौकटीबाहेरची, सोलच्या बाजूला झुकलेली आहेत. शुद्धतावादी नाक मुरडतील. पण सॅम कुकच्या गावातल्या मुलाने सोल गाण्यासाठी कुणाची परवानगी काढायची?

आता मर्यादा. चांगल्या विद्यार्थ्याला सगळे धडे म्हणून दाखवायचे असतात. चौदा गाण्यांत रॉक आहे, फंक आहे, शफल आहे, सोल आहे, संथ ब्लूज आहे. परीक्षेतला एकही प्रश्न सोडलेला नाही. त्यातली तीन-चार गाणी काढून टाकली असती तर अल्बम सरस झाला असता. 'लाँग डिस्टन्स वूमन' आणि 'आय गॉट टू सी यू' ऐकताना शब्दांपेक्षा सोलोची वाट बघितली जाते, आणि ज्या गाण्यात सोलोची वाट बघावी लागते ते गाणं अर्धवट लिहिलेलं असतं. नॅशव्हिलच्या सराईत हातांचाही हा परिणाम आहे. हॅम्ब्रिज कसबी माणूस आहे, त्याच्या हातून वाईट गाणं होत नाही. पण सगळं इतकं चपखल बसवलेलं आहे की चुकायला जागा नाही. हा मुलगा मंचावर वाजवतानाचे व्हिडिओ बघा. तिथे तो एखाद्या सुरावर हटून बसतो, बँडला खुणेने गप्प करतो, आवाज इतका उतरवतो की लोकांना श्वास रोखावा लागतो. ते धाडस स्टुडिओत अजून आलेलं नाही.

* * *

दुःखाचं काय मग? ते आहे. मी तीन गाण्यांनंतर बंद केलं नसतं तर चौथ्यातच भेटलं असतं.

'अनदर लाइफ गोज बाय' हे गाणं द्वेषापायी जाणाऱ्या जिवांबद्दल आहे. विषय ऐकून मला गर्जना अपेक्षित होती. प्रत्यक्षात गाणं मध्यम लयीत, जवळपास निवांत चालतं; गिटार मागे, आवाज पुढे. आधी मला ही मिळमिळीत तडजोड वाटली. चार-पाच वेळा ऐकल्यावर वाटलं, मुद्दाच तो आहे. एक जीव गेला, मग आणखी एक, आणि दिवस आपला चालूच. ज्या प्रदेशाचा आज ६६२ हा कोड आहे, त्याच प्रदेशात १९५५ साली चौदा वर्षांच्या एमेट टिलला मारून टॅलाहाची नदीत टाकलं होतं. मिसिसिपी राज्याच्या झेंड्यावर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांचं निशाण होतं, ते उतरलं २०२० साली, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर महिनाभराने. हा मुलगा एकवीस वर्षं त्या झेंड्याखाली वाढला. त्याला ओरडून सांगण्याची गरज नसेल. तो बातमी सांगितल्यासारखं सांगतो, आणि ती बातमी जुनी असते, यातच काय ते आलं.

'टू यंग टू रिमेंबर' मध्ये तो त्याच्या जन्माआधीच्या ब्लूजशी आपलं नातं सांगतो : मी ते दिवस पाहिले नाहीत, पण मला ठाऊक आहेत. माझ्या मते अल्बमचा गाभा हा आहे. आठवण आणि शिकवण यांतला हा फरक आहे. आठवण ज्याची त्याच्याबरोबर जाते. शिकवण हातातून हातात देता येते. मडी वॉटर्सच्या पिढीने जे भोगलं ते पुन्हा भोगल्याशिवाय त्यांचं संगीत वाजवता येणार नाही, असं म्हणणं म्हणजे काळ्या पोरांनी आमच्या करमणुकीसाठी कायम कापूस वेचत राहावं असं म्हणण्यासारखं आहे. शुक्रवारी रात्री मी न कळत तेच म्हणत होतो. पेरी आणि क्रिसमन यांनी त्या वर्गात मुलांना दुःख शिकवलं नाही. तार किती ओढायची, कुठे थांबायचं, हे शिकवलं. दुःख जेव्हा यायचं तेव्हा येतंच, त्याचा क्लास लागत नाही. ते येतं तेव्हा हातात काहीतरी असावं एवढीच सोय बघायची.

किंगफिशकडे ते आलं डिसेंबर २०१९ मध्ये. त्याची आई प्रिन्सेस प्राइड वारली. पहिला अल्बम येऊन जेमतेम सात महिने झाले होते. '६६२' चं शेवटचं, जादा म्हणून जोडलेलं गाणं 'रॉक अँड रोल' हे तिच्यासाठी आहे. मुलाच्या गाण्यासाठी आईने काय काय मोजलं त्याचं गाणं. नाव दणदणीत असलं तरी गाणं हळू आवाजातलं आहे, आणि अख्ख्या अल्बमभर वेगाने धावलेली गिटार इथे जवळजवळ बाजूला उभी राहते. चौकातल्या सौद्याची गोष्ट इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी सांगितली. पण या मुलाच्या आयुष्यात सौदा झालाच असेल तर तो त्याच्या आईने केला, आणि तो मध्यरात्री चौकात नव्हे, रोज सकाळी उठून कामावर जाताना. अॅलिगेटरने हे गाणं मुख्य यादीच्या बाहेर का ठेवलं असेल, याचं मला आश्चर्य वाटतं. माझ्यासाठी अल्बम तिथे पोचण्यासाठीच सुरू होतो.

* * *

मागच्या आठवड्यात आईचं मशीन दुरुस्त होऊन आलं. मोटर बदलावी लागली, स्टँडचा गंज घासून काढला, पत्र्याच्या झाकणावर पाण्याची रेघ तशीच राहिली. गिटार कोरडी ठणठणीत आहे. हे दोन विषय मी आईसमोर एकत्र काढलेले नाहीत. तिने तर कधीच काढले नसते.

संध्याकाळी मी स्पीकरवर 'रॉक अँड रोल' लावलं होतं. तिने कोण गातंय म्हणून विचारलं. मी थोडक्यात सांगितलं : लहान गावातला मुलगा, आपल्याकडच्यासारखीच नदी, म्युझियममधला क्लास, आई वारली, तिच्यावरचं गाणं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. शब्द तिला कळत नव्हते. मला वाटलं ती आईबद्दल काहीतरी बोलेल.

"रोज वाजवत असेल नाही?" ती म्हणाली.

"रोज. लहानपणापासून."

"मग," आई म्हणाली, आणि माझ्या गिटारच्या खोळीवर बसलेल्या धुळीकडे एकदा बघून मशीनवर बसली.